मेकॅनिकलच्या नव्या पदवीधराची कारखान्यातील मुलाखत: तयारी कशी करावी?

कृष्णाकाठ:

नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले, नंतर डिप्लोमा केला आणि थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेऊन आता पदवी पूर्ण करत आहे. पुढच्या महिन्यात आमच्याकडे पूल कॅम्पस, म्हणजे अनेक महाविद्यालयांसाठी एकत्रित निवड प्रक्रिया, आहे आणि चाकण-रांजणगाव पट्ट्यातील, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या काही कंपन्या त्यासाठी येणार आहेत. आधी लेखी परीक्षा, मग तांत्रिक मुलाखत आणि शेवटी एच.आर., असा क्रम असल्याचे कळवले आहे.

मुलाखतीच्या तयारीविषयी जे काही वाचायला मिळते ते बहुतेक सॉफ्टवेअर कंपन्यांना धरून लिहिलेले असते. कारखान्यात काम करायला निघालेल्या मुलाला नेमके काय विचारतात, चार वर्षांच्या अभ्यासक्रमातले कोणते विषय पक्के करावेत, प्रोजेक्टबद्दल किती खोलात जातात आणि इंग्रजी अडखळत असेल तर काय करावे, हे जाणकारांनी सविस्तर सांगितले तर माझ्यासारख्या अनेकांना उपयोग होईल.

मायक्रॉन:

मी अशाच एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे आणि जी.ई.टी. व डी.ई.टी., म्हणजे पदवी आणि डिप्लोमा प्रशिक्षणार्थी, यांच्या तांत्रिक मुलाखती घेणाऱ्या पॅनेलवर दर वर्षी बसतो. तिथून जे दिसते ते लिहितो.

मुलाखतीतले प्रश्न कुठून येतात हे आधी ध्यानात घ्यावे. पॅनेलवरच्या माणसासमोर तुमचा बायोडेटा असतो, हाताशी दहा-पंधरा मिनिटे असतात आणि या मुलाला किंवा मुलीला लाइनवर उभे केले तर शिकेल का, एवढेच त्याला ठरवायचे असते. म्हणून तो बायोडेट्यातली एक ओळ पकडतो आणि तिच्या तळापर्यंत जातो. ‘क्वालिटी टूल्सचे ज्ञान’ असे लिहिले असेल तर सात टूल्सची नावे ऐकून कोणी थांबत नाही. पॅरेटो चार्ट, म्हणजे दोष संख्येनुसार उतरत्या क्रमाने मांडणारा आलेख, तुम्ही कधी काढला, कोणत्या माहितीवरून काढला आणि सर्वांत उंच दांडा कोणत्या दोषाचा निघाला, इथपर्यंत विचारणा होते. तेव्हा तयारीची सुरुवात बायोडेट्यापासून करा. प्रत्येक ओळीवर बोट ठेवून तिच्याविषयी लागोपाठ चार प्रश्न मित्राला विचारायला सांगा आणि जी ओळ चौथ्या प्रश्नापर्यंत टिकत नाही ती काढून टाका. अर्ध्या पानाचा पण खरा बायोडेटा असलेल्या उमेदवाराशी बोलणे आम्हाला सोपे जाते आणि त्याचाच फायदा होतो.

प्रोजेक्टबद्दल मी थोडे विस्ताराने सांगतो, कारण निम्म्याहून अधिक मुलाखत अनेकदा तिथेच होते. तयार प्रोजेक्ट विकत मिळतात हे पॅनेलला ठाऊक असते. समजा, तुमचा प्रोजेक्ट न्यूमॅटिक पंचिंग मशीनचा आहे आणि त्यात ५० मिलिमीटर बोअरचा सिलिंडर आहे. आम्ही विचारतो, ‘पन्नासच का?’ ज्याने स्वतः काम केले आहे तो कागद ओढून सांगतो की क्षेत्रफळ साधारण १,९६३ चौरस मिलिमीटर येते, हवेचा दाब ६ बार म्हणजे दर चौरस मिलिमीटरला ०.६ न्यूटन धरला तर सुमारे १,१७८ न्यूटन, म्हणजे १२० किलोच्या आसपास बल मिळते आणि आमच्या पत्र्याला छिद्र पाडायला एवढे बल लागत होते. त्यावर आम्ही विचारतो की ते लागणारे बल कसे काढले. उत्तर पत्र्याच्या जाडीवर, छिद्राच्या परिघावर आणि धातूच्या शिअर स्ट्रेंग्थवर, म्हणजे कातरले जाण्याला धातू करतो त्या विरोधावर, आले म्हणजे मुलाने मशीन समजून घेतले आहे. प्रोजेक्ट साधा असला तरी चालतो, पण त्यातला प्रत्येक आकडा का घेतला ते सांगता आले पाहिजे. चार जणांच्या गटात ‘माझ्याकडे फक्त रिपोर्टचे काम होते’ असे उत्तर देण्याची वेळ येऊ देऊ नका. अजून महिना हातात आहे, तेवढ्यात सगळी गणिते स्वतः पुन्हा मांडून पाहा.

दुसरा भाग मोजमापाचा. आमच्या टेबलावर व्हर्नियर आणि मायक्रोमीटर ठेवलेले असतात आणि एखादी पिन हातात देऊन व्यास मोजायला सांगितले जाते. व्हर्नियरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारे सर्वांत लहान माप, ०.०२ मिलिमीटर, हे पाठ असते. पण मुख्य पट्टीवरचे ४९ मिलिमीटर व्हर्नियरवर ५० भागांत विभागलेले असतात, म्हणून एक भाग ०.९८ मिलिमीटरचा आणि फरक ०.०२ चा, हे कमी जण सांगतात. मायक्रोमीटरचा आटा ०.५ मिलिमीटर पिचचा आणि थिंबलवर ५० भाग, म्हणून ०.०१. मागच्या एका मुलाखतीत एका विद्यार्थिनीने पिन हातात घेतल्यावर आधी ती रुमालाने पुसली, मायक्रोमीटर रॅचेटने हळूच बंद करून शून्य जुळते का ते पाहिले, मग पिन तीन ठिकाणी आणि फिरवून पुन्हा मोजली आणि सांगितले की एका टोकाला व्यास किंचित कमी आहे. आम्ही तिला त्यापुढे फारसे काही विचारले नाही. कॉलेजच्या मेट्रॉलॉजी प्रयोगशाळेत जाऊन ही उपकरणे हाताळण्याची परवानगी मागा. वाचून ती सवय लागत नाही.

त्यानंतर ड्रॉइंग. वस्तूची दृश्ये कागदावर मांडायला आपल्याकडे फर्स्ट अँगल प्रोजेक्शन ही पद्धत वापरतात, त्याचे चिन्ह ओळखता यायला हवे. फिट्समधला, म्हणजे होलमध्ये शाफ्ट किती सैल किंवा घट्ट बसतो त्यातला, एक तरी जोड आकड्यांसह समजून घ्या. H७, g६ ही अशा मर्यादांची प्रमाणित नावे. २५ मिलिमीटरच्या H७ होलला अधिक ०.०२१ ते शून्य अशी मर्यादा असते आणि g६ शाफ्टला उणे ०.००७ ते उणे ०.०२०, म्हणजे कमीत कमी क्लिअरन्स ०.००७ आणि जास्तीत जास्त ०.०४१. हे कागदावर मांडून दाखवले आणि असा फिट कुठे वापरतात ते सांगितले की तो विषय तिथेच संपतो.

मटेरिअलमध्ये ई.एन.८ आणि २०एम.एन.सी.आर.५ या पोलादांतला फरक, केस कार्बुरायझिंग (पृष्ठभागात कार्बन मुरवणे) कशासाठी करतात आणि गिअरचा दात बाहेरून कठीण व आतून चिवट का लागतो, एवढे पक्के असावे. आय.ए.टी.एफ. १६९४९ हे वाहन उद्योगातील गुणवत्ता-व्यवस्थेचे मानक २०१६ साली आले, हे माहीत असले तरी पुरे. त्यातली कलमे नव्या पदवीधराला कोणी विचारत नाही. एफ.एम.ई.ए., म्हणजे संभाव्य बिघाडांचे आधीच केलेले विश्लेषण, लिहिले असेल तर मात्र जपून, कारण पाठ्यपुस्तकांत अजून धोक्याचा क्रम लावायला आर.पी.एन.चा गुणाकार शिकवतात आणि २०१९ च्या हँडबुकपासून त्याची जागा ‘अ‍ॅक्शन प्रायॉरिटी’ने घेतली आहे.

एखादे उत्तर येत नसेल तर ‘सर, हे मला माहीत नाही’ असे स्पष्ट सांगावे आणि जवळचे काही माहीत असेल तर तेवढे सांगू का, असे विचारावे. अंदाजाने बोलत राहणारा उमेदवार उद्या लाइनवर खराब माल पुढे सोडेल, ही भीती आम्हाला खरोखर वाटते.

मृण्मयी_उत्पादन:

मायक्रॉन सरांनी क्वालिटीच्या बाजूने सांगितले, मी प्रॉडक्शनच्या बाजूने थोडी भर घालते. मी पदवीनंतर जी.ई.टी. म्हणून लागले आणि सध्या असेंब्ली लाइन पाहते.

मला मुलाखतीत एक गणित दिले होते आणि तसेच गणित माझ्या मैत्रिणींनाही वेगवेगळ्या कंपन्यांत आले. पाळी ४८० मिनिटांची, जेवणाची ३० आणि चहाची मिळून २० मिनिटे वजा केली की ४३०, म्हणजे २५,८०० सेकंद उरतात. ग्राहकाला पाळीला ६०० नग हवेत, तर टॅक्ट टाइम, म्हणजे एका नगाला मिळणारा वेळ, ४३ सेकंद. लाइनवर तीन स्टेशने आहेत आणि त्यांना अनुक्रमे ३८, ५२ आणि ४१ सेकंद लागतात. आता काय कराल? बहुतेक जण ‘दुसऱ्या स्टेशनवर आणखी एक मशीन बसवू’ असे लगेच म्हणतात. पॅनेलला त्याआधीचा विचार ऐकायचा असतो. आहे तशी लाइन चालवली तर ५२ सेकंदांच्या स्टेशनमुळे पाळीला ४९६ च नग निघतील. तिन्ही स्टेशनांचे काम मिळून १३१ सेकंदांचे आहे आणि टॅक्टची तिप्पट १२९ होते. म्हणजे काम नुसते वाटून भागणार नाही, कुठून तरी किमान दोन सेकंद कमी करावेच लागतील. मग दुसऱ्या स्टेशनवरच्या माणसाच्या हालचाली पाहायच्या: नग उचलायला वाकावे लागते का, गेज हाताशी आहे का, मशीन चालू असताना तो रिकामा उभा असतो का. मी हे सगळे कागदावर मांडत मोठ्याने बोलत गेले आणि एका ठिकाणी सरांनीच पुढचा धागा दिला. कारखान्याच्या मुलाखतीत विचार मोठ्याने करावा, हा माझा पक्का सल्ला आहे. गप्प राहून शेवटी फक्त उत्तर सांगितले तर समोरच्याला मदत करायला जागाच उरत नाही.

कंपनीची माहिती काढताना संकेतस्थळावरची ध्येयवाक्ये पाठ करत बसू नका. ती कंपनी कोणता भाग बनवते, तो गाडीत कुठे बसतो, कशापासून आणि कोणत्या क्रमाने तयार होतो, हे पाहा. ब्रेकचे भाग बनवणाऱ्या कंपनीत जाताना डिस्क आणि ड्रम ब्रेकमधला फरक सांगता आला नाही तर बाकीची तयारी फुकट जाते.

मुलींसाठी एक गोष्ट. ‘शॉप फ्लोअरवर, पाळ्यांमध्ये काम जमेल का’ हा प्रश्न येतो. घरी त्यावर बोलणे आधीच झालेले असावे, म्हणजे उत्तर देताना चाचरायला होत नाही. आणि रात्रपाळीला बसची सोय काय आहे, हे आपणही निःसंकोच विचारावे. त्याचे कोणाला वाईट वाटत नाही.

तंत्रनिकेतन_शिक्षक:

मी तंत्रनिकेतनात मेकॅनिकल शिकवतो. कृष्णाकाठ यांच्या इंग्रजीच्या प्रश्नाला अजून कोणी हात घातलेला नाही, म्हणून लिहितो.

माझे मत थोडे कडक आहे. मुलाखतीत मराठी चालेल, हिंदी चालेल, असे सांगून आपण मुलांना तात्पुरता दिलासा देतो, पण ड्रॉइंगवरच्या टिपा, कंट्रोल प्लॅन (तपासणीचा आराखडा), ग्राहकाच्या तक्रारीवर पाठवायचा आठ टप्प्यांचा ८-डी रिपोर्ट आणि बाहेरच्या ग्राहकाचे ऑडिट हे सगळे इंग्रजीत असते. म्हणून महिनाभर तरी रोज इंग्रजी बोलायलाच हवे. मी मुलांना रोज एक वस्तू देतो, उदाहरणार्थ बेअरिंग, स्प्रिंग, क्लच प्लेट, आणि ती काय आहे, कशाची असते, कशी बनते, कुठे वापरतात आणि कशी निकामी होते, अशी पाच साधी वाक्ये उभे राहून बोलायला लावतो. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून ते स्वतःच ऐकायचे. सुरुवातीला सगळे संकोचतात, पण तांत्रिक शब्द मुळात इंग्रजीच असल्यामुळे मधली क्रियापदे सुधारली की वाक्य उभे राहते.

‘स्वतःबद्दल सांगा’ याचे पाठांतर मात्र करू नये. एका वर्गातील सगळ्या मुलांचा परिचय शब्दशः सारखा असतो. तोच छंद, तीच ताकद, तोच दुबळेपणा. नाव, शिक्षण, प्रोजेक्ट आणि कारखान्यात केलेले प्रशिक्षण, एवढे चार मुद्दे ध्यानात ठेवून प्रत्येक वेळी नव्याने बोलण्याचा सराव करावा.

मायक्रॉन:

सरांशी मी बहुतांशी सहमत आहे. सराव इंग्रजीतच करावा. फक्त प्रत्यक्ष मुलाखतीत उमेदवार भाषेमुळे अडला आहे असे दिसले तर आमच्याकडे आम्हीच सांगतो की मराठीत किंवा हिंदीत बोला, कारण लाइनवरच्या ऑपरेटरशी त्याला त्याच भाषेत बोलायचे असते. आम्ही सांगितले नाही तर ‘हा भाग मराठीत सांगितला तर चालेल का’ असे नम्रपणे विचारावे. ज्या मुलाला गणित येते आणि वाक्य येत नाही, त्याने गप्प बसून संधी घालवू नये, एवढेच मला मनापासून वाटते.

शिरोली_फाउंड्री:

कोल्हापूरला आमची लहान फाउंड्री आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या आमच्यासारख्या कारखान्यांत पूल कॅम्पस वगैरे होत नाही. मुलगा ओळखीने किंवा स्वतःहून येतो आणि मुलाखत शॉपमधून फिरता फिरता होते. मी त्याला मोल्डिंगजवळ नेतो, ब्लो होल, म्हणजे वायूमुळे झालेली पोकळी, पडलेले एखादे कास्टिंग दाखवतो आणि विचारतो, ‘हे कशामुळे झाले असेल?’ वाळूत ओलावा जास्त असेल, वाळूतून वायू नीट निघत नसेल, कोअर (साच्यात ठेवलेला वाळूचा गाभा) नीट भाजला नसेल, असा क्रमाने विचार केला तरी मला पुरते. एकच कारण ठामपणे सांगण्यापेक्षा ‘वाळूची आजची चाचणी पाहायला मिळेल का’ असे विचारणारा मुलगा मी ठेवून घेतो.

पुण्याच्या कंपनीत निवड झाली नाही म्हणून वर्षभर घरी बसणारी मुले पाहून वाईट वाटते. लहान कारखान्यात पॅटर्नपासून डिस्पॅचपर्यंत सगळे एका वर्षात हाताखालून जाते आणि पुढच्या मुलाखतीत बोलायला स्वतःचे काहीतरी असते. सांगली-कोल्हापूरच्या मुलांनी निदान एकदा फिरून चौकशी करावी.

कृष्णाकाठ:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सिलिंडरचे उदाहरण वाचून आम्ही चौघांनी प्रोजेक्टची सगळी गणिते परत मांडायला घेतली आहेत. एच.आर. फेरीबद्दल विचारायचे राहिले. वरच्या वर्गातील काही जणांकडून मूळ प्रमाणपत्रे मागितली गेली, काहींना ठरावीक काळ नोकरी सोडणार नाही असा बाँड लिहून द्यावा लागला, आणि सांगितलेला पगार व हातात आलेला पगार यांत बराच फरक पडला, असे ऐकले आहे. यात काय पाहावे?

मनुष्यबळ_नाशिक:

मी सातपूर आणि अंबडच्या कंपन्यांमध्ये एच.आर.चे काम केले आहे.

पगाराचा हिशेब असा समजून घ्या. वार्षिक सी.टी.सी., म्हणजे कंपनीला तुमच्यावर येणारा एकूण खर्च, ३ लाख म्हणजे महिना २५,००० दिसतात. बेसिक निम्मे, म्हणजे १२,५०० धरू. त्यावर कंपनीचा १२ टक्के पी.एफ. १,५०० आणि ग्रॅच्युइटीची ४.८१ टक्के तरतूद सुमारे ६०१ रुपये, हे दोन्ही अनेकदा त्या २५,००० मध्येच धरलेले असतात. उरलेल्या २२,८९९ मधून तुमचा स्वतःचा पी.एफ. १,५०० आणि व्यवसाय कर २०० वजा होऊन हातात साधारण २१,२०० येतात. महाराष्ट्रात महिना २५,००० पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना व्यवसाय कर नाही, म्हणून त्यांचे २०० वाचतात. कँटीन, बस आणि विमा यांची कपात वेगळी. ‘इन हँड किती’ हे एच.आर. फेरीच्या शेवटी सौजन्याने विचारण्यात काहीही गैर नाही.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे पत्रात पद कोणते लिहिले आहे ते पाहा. ‘ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी’ आणि ‘ग्रॅज्युएट अप्रेंटिस’ हे ऐकायला जवळचे वाटतात, पण दुसरे १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखालचे प्रशिक्षण असते. त्यात पगाराऐवजी विद्यावेतन मिळते, पी.एफ. लागू होत नाही आणि करारात तसे लिहिलेले नसेल तर प्रशिक्षणानंतर नोकरी देण्याचे बंधन कंपनीवर नसते. प्रशिक्षण म्हणून ते चांगलेच आहे आणि त्याचे प्रमाणपत्र उपयोगी पडते, फक्त आपण काय स्वीकारत आहोत हे माहीत असावे.

बाँडला कायद्यात काही अर्थ नसतो, असे मुले एकमेकांना सांगतात आणि न वाचता सही करतात. तसे धरून चालू नका. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षे नोकरी किंवा २ लाख रुपये ही अट वैध ठरवली. ते प्रकरण सार्वजनिक बँकेचे होते आणि प्रत्येक बाँडला ते जसेच्या तसे लागू होईल असे नाही, पण सही करण्यापूर्वी मुदत, रक्कम आणि ती कशापोटी घेतली जाणार आहे, हे वाचून घरी विचार करायला एक दिवस मागून घ्यावा.

मूळ प्रमाणपत्रे पडताळणीसाठी दाखवावीत आणि त्याच बैठकीत परत घ्यावीत. साक्षांकित प्रती द्याव्यात, मूळ कागद कोणाकडेही ठेवू नयेत. आणि मुलाखतीसाठी, निवडीसाठी किंवा ‘ट्रेनिंग डिपॉझिट’ म्हणून कोणी पैसे मागितले, मग ती कन्सल्टन्सी असो वा कंपनीच्या नावाने आलेला फोन, तर तिथूनच परत फिरावे.

कृष्णाकाठ:

एक शेवटची शंका. दुसऱ्या वर्षात आजारपणामुळे माझे एक वर्ष गेले. बायोडेट्यात वर्षांचा खंड दिसतो. ते आपणहून सांगावे की विचारेपर्यंत थांबावे?

मायक्रॉन:

वर्षे जशी आहेत तशी लिहा आणि विचारल्यावर सांगा. गुणपत्रिका आमच्यासमोरच असतात. दोन वाक्ये पुरेशी होतात: आजारपणामुळे परीक्षा देता आली नाही, आणि पुढच्या वर्षी सगळे विषय सोडवले. आजाराचा तपशील सांगण्याची गरज नाही आणि तो आम्ही विचारतही नाही. अर्ज भरताना मात्र कंपनीची अट नीट वाचा, कारण काही कंपन्या सलग शिक्षणाची किंवा दहावीपासून ६० टक्क्यांची अट घालतात आणि अशा ठिकाणी चुकीची माहिती भरली तर निवड झाल्यावरही ती रद्द होऊ शकते. तुमच्या प्लेसमेंट अधिकाऱ्यांना याच आठवड्यात विचारून घ्या. अटीत थोडी सूट मिळते का, हे कंपनीला विचारायचे काम त्यांचेच असते आणि आमच्याकडे अशी विनंती वेळेत आली तर आम्ही तिचा विचार करतो.